भाराच्या वाटेने सहा दिवस

पहिला दिवस : कार्ले आणि भाजे

माझी नोकरीची सगळी वर्षे सिमेंट आणि सळयांच्या इमारतींचे हिशेब करण्यात गेली. त्या इमारतींतही खांब असतात, तुळया असतात. परंतु दोन्ही एकसंध ओतलेल्या असल्यामुळे खांब कुठे संपला आणि तुळई कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कधी दिसत नाही, ते कागदावर गृहीत धरावे लागते. निवृत्त झाल्यावर मनाने घेतले, की ज्या बांधकामात खांब वेगळा, तुळई वेगळी आणि त्या दोहोंचा सांधा उघड्यावर असतो, ते बांधकाम एकदा हाताच्या अंतरावरून पाहावे. सोबतीला ओळखीचे एक सुतारकाका घेतले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे असून त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी वाड्यांची कामे केलेली होती. त्यांच्या पिशवीत एक ओळंबा, दोरीचे रीळ आणि घडीची लाकडी पट्टी होती. माझ्याकडे वही होती.

इतिहासाच्या दृष्टीने आम्ही उलट्या क्रमाने गेलो. सकाळी कार्ले आणि दुपारी भाजे, कारण दोन्ही चैत्यगृहांची तोंडे पश्चिमेकडे आहेत आणि भाज्याला उतरते ऊन हवे होते. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १४ मीटर उंच आहे. दोन्ही बाजूंच्या खांबांना घटाकार तळ आहेत आणि माथ्यावर गुडघे टेकलेल्या हत्तींवर बसलेल्या जोड्या आहेत. लोक ती शिल्पे पाहतात आणि पाहावीतच. आम्ही मात्र मान वर करून छताकडे पाहत राहिलो. दगडी छताच्या पोटाला ओळीने बसवलेल्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. त्यांच्यावर कसलाही भार नाही, कारण छत म्हणजे अखंड कातळ आहे आणि तो कुणाच्याही आधाराविना उभा आहे. तरीही त्या बसवल्या गेल्या, कारण ज्यांनी हे कोरले त्यांच्या लेखी लाकडी कमानींवाचून सभागृह म्हणजे सभागृहच नव्हते.

काका बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, हे सुताराने सांगितलं आणि पाथरवटाने केलं."

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या भाज्याला त्यांचे हे म्हणणे अधिकच पटले. इथल्या अष्टकोनी खांबांना ना तळ, ना माथा; जमिनीतून निघावेत तसे ते सरळ वर जातात. सरळ म्हणतो खरे, पण ते सरळ नाहीत, दोन्ही रांगांतले खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत. काकांनी खांबाला स्पर्श न करता, हात लांब करून ओळंबा सोडला. दोरी स्थिर झाली तेव्हा दोरी आणि खांबाची कड यांच्यात खाली जे अंतर पडले होते ते चार बोटांहून निश्चितच अधिक होते. हा हाताचा दोष नव्हे, कारण सगळेच खांब त्याच बाजूला आणि सारखेच कललेले आहेत. लाकडी सभागृहात कमानदार छप्पर खांबांचे माथे बाहेर ढकलते. खांब आधीच आत कललेला असेल तर त्या ढकलण्याला तो अंगानेच उत्तर देतो. इथे कातळात ढकलणारे काहीच नाही, म्हणजे लाकडाच्या घरातली एक गरज दगडात केवळ सवय म्हणून उरली. ज्या लाकडी इमारतींवरून ही सवय आली त्यांतली एकही आज उभी नाही, त्यांचा कल तेवढा इथे नोंदलेला आहे. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला हा सर्वांत जुना बांधकामाचा नकाशा होय.

चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत एके काळी लाकडी पडदा बसवलेला होता. पडदा गेला, पण तो ज्यांत अडकवला होता त्या खाचा दगडात राहिल्या. काका त्या एक-एक मोजत होते आणि कोणत्या खाचेत उभा दांडा आला असेल, कोणत्या खाचेत आडवा, हे मला सांगत होते. बाजूच्या भिंतींवर सज्जे, कठडे, गवाक्षे अशी मजल्यांची घरे कोरलेली आहेत आणि सज्जाखाली पुढे आलेल्या कड्यांची, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या लाकडांची, टोकेसुद्धा कोरणाऱ्याने सोडलेली नाहीत. ऊन कलल्यावर त्या टोकांच्या सावल्या पडल्या आणि क्षणभर ते लाकूडच वाटले.

दुसरा दिवस : पुणे, पाताळेश्वर आणि शनिवारवाडा

पाताळेश्वराच्या लेण्यात आम्ही तासभरच होतो. आठव्या शतकातले, राष्ट्रकूटांच्या काळातले हे लेणे जमिनीच्या पातळीखाली कोरलेले आहे आणि अंगणात नंदीचा गोल, छत्रीसारखा मंडप आहे. चौकोनी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर छत, सगळे काही क्रमाने रचल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे. कातळ वरून खाली कोरत येतात, त्यामुळे छत आधी तयार होते, मग तुळई आणि खांबाचा पाया सगळ्यात शेवटी. बांधकामात ज्याच्यापासून सुरुवात करायची, त्याच्यापाशी येऊन इथे काम संपते. या खांब-तुळयांना सांधा नाही आणि म्हणून, माझ्या दृष्टीने, ते खांब-तुळयांचे चित्र आहे. काका इतके कठोर नव्हते. चित्र काढणाऱ्याला मूळ वस्तू ठाऊक असावी लागते, एवढे ते म्हणाले आणि ते खरेच आहे.

शनिवारवाड्यात याच्या उलट स्थिती आहे. तिथे खांब नाहीत, तुळया नाहीत, फक्त त्यांच्या जागा आहेत. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी या वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून आला. पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घातली आणि १८२८ च्या आगीत आतले सारे लाकूडकाम जळून गेले. आग कित्येक दिवस धुमसत होती. आज जोती, पायऱ्या, हौद आणि कारंजी एवढेच उरले आहे. शाळेच्या सहली त्या जोत्यांवरून पळत असतात आणि त्यांना तिथे काही पाहण्यासारखे दिसत नाही, यात त्यांचा दोष नाही.

पाहण्यासारखे आहे ते तळखड्यांत. तळखडा म्हणजे खांबाच्या पायाखालचा दगड. लाकडाचा आडवा छेद पाणी फार लवकर शोषतो, कारण झाडाच्या ज्या नळ्यांतून पाणी वर चढत असे त्याच नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणून खांब थेट जमिनीत न पुरता दगडावर उभा करतात. त्याच दगडामुळे खांबाचा वीतभर रुंदीचा भार जमिनीच्या मोठ्या भागावर पसरतो, वाळवीची चोरवाट नजरेस पडते, आणि खांबाचे बूड कुजलेच तर तेवढे कापून तिथे नवा दगड सरकवता येतो. जिथे जिथे तळखडे ओळखू येत होते तिथे काका एका दगडावरून दुसऱ्यावर पावले टाकत चालले होते आणि पुटपुटत होते, "एक खण, दोन खण, तीन खण." दोन खांबांमधले किंवा दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण, आणि जुने घर चौरस फुटांत नव्हे तर खणांत मोजले जाई. तुळईला उपलब्ध लाकूड किती लांब मिळेल आणि न वाकता ते किती भार घेईल यावरून खण ठरतो, म्हणजे घराचे माप शेवटी झाडाच्या मापावर येऊन थांबते. जळून गेलेल्या घराची खोली न् खोली त्या पावलांत परत उभी राहत होती, निदान मला तसे दिसत होते.

दिल्ली दरवाज्यावरचा लाकडी नगारखाना मात्र शाबूत आहे आणि तिथे दोन बांधकामपद्धती एकमेकींच्या डोक्यावर उभ्या आहेत. खाली दगडी कमान, वर लाकडी खांब आणि तुळया. कमान आपला भार तिरका, दोन्ही बाजूंना ढकलते. म्हणून तिला दोन्हीकडे बुरुजांसारखी भरभक्कम टेकणी लागतात. खांब-तुळईचा भार सरळ खाली उतरतो, बाजूला कुणालाही ढकलत नाही. म्हणून तिला टेकण लागत नाही, भिंतसुद्धा लागत नाही. वरचा मजला इतका उघडा, हवेशीर आणि हलका दिसतो तो याचमुळे.

आगीविषयी काकांशी थोडा वाद झाला. जाड लाकूड जळताना त्याच्यावर कोळशाचा थर चढतो आणि तो थर आतल्या लाकडाला वाचवतो. मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने आग आत जाते. त्या हिशेबाने फूटभर जाडीचा खांब आगीत बराच वेळ तग धरतो, उघडे लोखंड त्याआधी मऊ पडून वाकते. मग एवढा वाडा कसा गेला? काकांचे उत्तर साधे होते. खांब टिकतो हो, पण फळ्या आणि कड्या बारीक असतात, त्या आधी जातात. त्या गेल्या की खांबांना धरून ठेवणारे कुणी उरत नाही. मी ते वहीत लिहून घेतले.

तिसरा दिवस : विश्रामबागवाडा आणि जुन्या लाकडाची वखार

दुसऱ्या बाजीरावांसाठी १८०७ च्या सुमारास बांधलेला विश्रामबागवाडा भर वस्तीत, रहदारीच्या रस्त्यावर उभा आहे. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि नंतर तो पुन्हा उभारला गेला. दर्शनी भागात सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब आहेत, खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले. त्यांच्यावर केळफुलांचे कोरीवकाम, आणि खांबांच्या मधल्या नाजूक महिरपी. या महिरपी पाहून अनेक जण वाडा कमानींवर उभा आहे असे समजतात, तो समज दूर व्हायला हवा. महिरप म्हणजे खांबांच्या मध्ये बसवलेली कोरीव फळी. ती काढून घेतली तरी वाडा हलणार नाही. भार महिरपीच्या मागून, तुळईतून खांबात जातो आणि खांबातून तळखड्यात.

तुळई आणि खांब यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना हातांसारखा पुढे आलेला जो लाकडी तुकडा असतो त्याला हस्त म्हणतात. तो शोभेचा म्हणून कोरलेला असला तरी त्याची कामे तीन आहेत. खांबाच्या माथ्यावर दोन तुळयांची टोके एकत्र येतात, तिथे दोघींना टेकायला पुरेशी जागा नसते, ती हस्त देतो. तुळईचे दोन्हीकडचे आधार थोडे पुढे सरकल्यामुळे मधले मोकळे अंतर कमी होते. आणि हे कमी होणे दिसते त्याहून फार मोलाचे आहे, कारण सारख्याच पसरलेल्या भाराखाली तुळईची लांबी दुप्पट केली तर तिचा झोल सोळा पटींनी वाढतो, म्हणजे लांबीतली वीतभर बचत झोलात किती तरी मोठी दिसते. तिसरे काम खांब आणि तुळई यांच्यातला काटकोन राखण्याचे, आणि तेच त्याच्याकडून सर्वांत कमी होते. त्याकडे मी चौथ्या दिवशी येईन.

दुपारी काका मला जुन्या लाकडाच्या एका वखारीत घेऊन गेले. पाडलेल्या वाड्यांचे अवयव तिथे ढिगांनी पडले होते, तुळयांवर तुळया, दारांच्या चौकटी, हात नसलेले हस्त. काकांनी बोटाच्या पेराने दोन-तीन तुळया वाजवल्या, एकीचा आवाज बद्द आला तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवली आणि एका खांबाशी थबकले. खांबाच्या डोक्यावर कुसू होते, म्हणजे वरच्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ, वीतभर लांबीची. खांब सर्वत्र काळवंडला होता, धुराने आणि तेलाने. कुसू मात्र खाचेत झाकून राहिल्यामुळे मधासारखे पिवळे होते. जणू परवाच रंधा मारला असावा. त्याच्या आरपार खुंटीचे भोक होते आणि ते भोक मध्यावर नव्हते.

"चुकून नाही पडलं ते," काका म्हणाले. "मुद्दाम पाडलंय."

मग त्यांनी वखारीतल्याच एका फळकुटावर पेन्सिलीने आकृती काढून समजावले. खाचेच्या दोन्ही गालांतले भोक आणि कुसवातले भोक एका रेषेत पाडायचे नाही. कुसवातले भोक किंचित, भाताच्या दाण्याइतके, खांद्याकडे सरकवायचे. मग निमुळती खुंटी ठोकली की ती दोन्ही भोके एका रेषेत आणू पाहते आणि तसे करताना कुसू आणखी आत खेचून घेते. सांधा खुंटीनेच आवळला जातो आणि लाकूड सुकून आकसले तरी ताण टिकून राहतो. इथे खिळा चालत नाही, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, खिळा मात्र त्याच्याबरोबर हलत नाही. वर्षानुवर्षे हे चालले की खिळ्याभोवतीचे भोक मोठे होते आणि ओलीने लोखंड गंजते ते वेगळेच. खुंटी लाकडाचीच असल्यामुळे ती लाकडाच्या सुखदुःखात सामील असते.

कुसवाच्या खांद्यावर पटाशीने मारलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या. जोडीच्या तुळईवरही तशाच तीन रेघा असणार, म्हणजे उभारणीच्या वेळी कोणता खांब कोणत्या तुळईखाली जायचा याचा गोंधळ नको. प्रत्येक कुसू त्याच्याच खाचेपुरते तासलेले असते, शेजारच्या खाचेत ते बसत नाही. तीन रेघांची ती तुळई आम्ही पाऊण तास शोधली. मिळाली नाही.

चौथा दिवस : मेणवली

वाईजवळ कृष्णेच्या काठावर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. घाटावरच्या देवळाशी टांगलेल्या मोठ्या घंटेची ख्याती अधिक आहे, ती चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली. आम्ही तिला ओझरते पाहून वाड्यात शिरलो. चौकामागून चौक असा हा वाडा आत-आत जात राहतो. चौकाभोवती सोपा, सोप्याला खांबांची रांग, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या, म्हणजे कडीपाट. भार फळीवरून कडीवर, कडीवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबावरून तळखड्यावर आणि तिथून जमिनीत असा पायरीपायरीने उतरतो. सोप्यात पाठ टेकून बसलेला माणूस मान वर करून ही सगळी उतरंड एका नजरेत वाचू शकतो. सिमेंटच्या घरात हे सुख नाही. तिथे सगळे गिलाव्याखाली.

कड्या आणि तुळया उभ्या धारेवर बसवलेल्या आहेत, म्हणजे त्यांची खोली रुंदीपेक्षा अधिक आहे. तुळई वाकते तेव्हा तिच्या वरच्या तंतूंवर दाब येतो, खालच्या तंतूंवर ताण, आणि मधले जवळजवळ रिकामे बसलेले असतात. म्हणून लाकूड मध्यापासून जितके दूर, तितके ते कामाचे. तीच फळी आडवी टाकली तर झोळीसारखी लवते आणि उभी धरली तर ताठ राहते, हे पोरासोरांनाही अनुभवाने ठाऊक असते. वरच्या मजल्याचे खांब बरोबर खालच्या खांबांच्या डोक्यावर येतात का, हे आम्ही दोन चौकांत ताडून पाहिले. येतात. जिथे वरचा खांब तुळईच्या मध्यावर उतरवावा लागतो तिथे जुने सुतार तुळई दुहेरी घालत, असे काकांनी सांगितले.

याच वाड्यात, दुपारच्या शांततेत, मला गेले तीन दिवस टोचत असलेला प्रश्न मी काकांना विचारला. कुसू खाचेत बसले, खुंटी ठोकली, सगळे घट्ट झाले. तरीही चार खांब आणि चार तुळया एवढाच सांगाडा मोकळ्या माळावर उभा केला आणि त्याला कुणी बाजूने ढकलले, तर तो काय करील?

"खाटेसारखा होईल," काका म्हणाले. जुन्या खाटेचा एक कोपरा ढकलला की सगळी चौकट एका अंगाला जाते, तसे.

माझ्या हिशेबाचेही उत्तर तेच होते. कुसू पुढेमागे सरकत नाही, पण थोडे फिरते; आणि प्रत्येक सांधा थोडा-थोडा फिरला तर चौकोनाचा तिरका चौकोन व्हायला वेळ लागत नाही. हस्ताचे हात आखूड असल्यामुळे ते फारसे आवरू शकत नाहीत. मग वाडा उभा कसा राहतो? आजूबाजूच्या जाड भिंतींच्या भरवशावर. भिंतींच्या पोटातही लाकडी खांब आणि आडवी लाकडे बांधलेली असतात, फरसबंदी आणि कडीपाट सगळ्या चौकटींना एका पातळीत जखडून ठेवतात, आणि चौक चारी बाजूंनी बंद असल्यामुळे एका बाजूचे डुलणे दुसरी बाजू रोखते. वजन वाहते लाकूड, डुलू देत नाही भिंत, अशी ही वाटणी आहे. भिंतीने आपले काम सोडले तर काय होते, हे पाहायला मेणवलीत जागा नव्हती. त्यासाठी आम्हाला पूर्वेकडे जायचे होते.

पाचवा दिवस : भुलेश्वर, आणि पुढे प्रवास

सकाळ भुलेश्वरला गेली आणि उरलेला दिवस गाडीत, सोलापूरमार्गे तुळजापूरच्या पुढे. प्रवासाविषयी लिहिण्याजोगे काही नाही. भुलेश्वराचे यादवकालीन मंदिर डोंगरमाथ्यावर आहे. त्याच्यावरची चुन्याची घडण नंतरच्या काळातली आहे, आत मात्र काळ्या दगडाचे खांब आणि तुळया, आणि डोळे सरावेपर्यंत नुसता अंधार. इथे खांब किती जवळजवळ आहेत हे लाकडी सोपे पाहून आल्यावर एकदम जाणवते. दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच; म्हणून दगडी तुळईच्या खालच्या बाजूला तडा जाण्याची भीती असते आणि तो तडा लाकडासारखा करकरून पूर्वसूचना देत नाही. लाकूड वाकून सांगते. दगड सांगत नाही, म्हणून दगडी तुळई आखूड आणि जाड ठेवावी लागते आणि मंडपात खांबांचे रान उगवते.

छताशी कारागिरांनी एक सुंदर तोड काढलेली असते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तिरके दगड ठेवून आत लहान चौकोन करायचा, त्यावर पुन्हा तसेच, आणि शेवटी उरलेले भोक एका दगडाने झाकायचे. अशाने कोणत्याही दगडाला लांब उडी घ्यावी लागत नाही. अंबरनाथच्या मंदिरात, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे, चुन्याविना नुसत्या दगडांच्या बैठकीवर उभारलेले असेच काम मी पूर्वी पाहिले होते, तेव्हा ते पाहून नुसता चकित झालो होतो. आज ते कळले, असे म्हणतो. अशा मंदिरात खांबाला कुसू नसले तरी चालते. त्याचे स्वतःचे वजनच त्याला जागेवर बसवून ठेवते.

सहावा दिवस : औसा तालुक्यातले एक गाव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक झोपेत, आपल्याच घराच्या भिंतींखाली. आम्ही गेलो ते गाव त्या पट्ट्याच्या कडेचे आहे, तिथली काही जुनी माळवदाची घरे अजून वापरात आहेत. गावाचे नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी दार उघडले त्यांनी ते पाहुणे म्हणून उघडले होते.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खांब, त्यावर तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा हातभर, कधी त्याहून जाड थर. उन्हाळ्यात याच्याइतके थंड घर नाही. परंतु गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकतात, जुनी काढत नाहीत, आणि छप्पर पिढ्यांगणिक जड होत जाते. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या. जाडी पाहून त्या भक्कम वाटतात, पण त्या आतून दोन असतात. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये बारीक दगड आणि माती भरलेली, आणि दोन्ही पदरांना एकत्र बांधणारे आरपार लांब दगड नाहीत. जमीन हलली की दोन्ही पदर फुगून वेगळे होतात आणि कोसळतात. ज्या घरांत माळवद थेट या भिंतींवर टेकलेले होते तिथे ते भिंतीबरोबर खाली आले. ज्या घरांत खाली लाकडी खांबांचे खण होते, अशा अनेक ठिकाणी भिंती पडल्या आणि माळवद खांबांवर तरंगत राहिले, असे भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना दिसले. मेणवलीतल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर असे अर्धे-अर्धे आहे. भिंत सुटल्यावर चौकट खाटेसारखी कलते, पण सांधे धरून राहिले तर ती कलूनही पडत नाही.

घरातल्या आजींना हे सगळे सांगायची गरज नव्हती. त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.

"भिंत भाईर गेली," त्या म्हणाल्या. "माळवद जाग्यावरच. वरनं माती गळत होती नुसती. आमी अंधारात खांबाला धरून भाईर आलो."

"किती खणांचं घर, आजी?" काकांनी विचारले.

"पाच खणांचं. माझ्या सासऱ्यानं बांधलेलं."

काका परवानगी घेऊन आत गेले. मधल्या खांबाचा तळखडा त्यांनी हाताने चाचपला, हस्ताशी बॅटरी धरली, कुसवाच्या फटीत नख घालून पाहिले. खुंटी जागेवर होती, तिच्या डोक्यावरचा एक छिलका तेवढा उडालेला. मग त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि भाज्याला धरला होता तसाच, हात लांब करून, खांबाशेजारी सोडला. दोरी हलायची थांबायला वेळ लागला. खांब वर दोन बोटे पूर्वेला गेलेला होता; दुसरा खांब पाहिला, तोही दोन बोटे; तिसराही. सगळी चौकट एका अंगाला कलून तशीच थांबली होती आणि त्या पहाटेपासून ती कुणी सरळ केली नव्हती. भिंत मात्र नंतर नव्याने बांधली, गवंड्याने नीट ओळंब्यात घेऊन, अगदी सरळ. त्यामुळे भिंत आणि तिला लागून असलेला पश्चिमेकडचा खांब यांच्यात खाली काहीच फट नाही आणि वर दोन बोटांची पाचर उघडी आहे.

त्या फटीत एक फणी, विजेची बिले आणि चष्म्याची डबी खोवलेली होती. आजींनी उठून डबी काढली, चष्मा लावला आणि आम्ही वहीत काय लिहितो आहोत ते पाहू लागल्या.